रविवारी सकाळी कोणीही कोणाला रस्ता न सांगण्याबाबत

दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
करंजवन सार्वजनिक उद्यान मंडळ,
विजापूर रस्ता, सोलापूर.

विषय : रविवार, दि. १६ फेब्रुवारी रोजी करंजवनात होणाऱ्या ओरिएंटीअरिंग चाचणीच्या वेळी आमच्या मुलींना कोणाचीही, कसलीही मदत मिळू न देणेबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरचा माझा पहिला अर्ज व त्यावर आपण तत्परतेने लावून दिलेले बाण.
२) आपले अटींचे पत्र, दि. १० फेब्रुवारी.

महोदय,

वरील विषयास अनुसरून मी, खाली सही करणारी, मातोश्री काशम्मा कन्या प्रशालेची क्रीडाशिक्षिका, सविनय अर्ज सादर करते. सरकारी-निमसरकारी कार्यालयांकडे लोक मदत मागायला जातात. मी मदत थांबवा म्हणून आले आहे. असा अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा हे आपल्या आवक विभागालाही सांगता आले नाही, म्हणून थेट आपल्या नावे देत आहे.

१. प्रथम खेळाविषयी, कारण आपल्या पत्रात त्याचा उल्लेख 'वनभोजन' असा झाला आहे. या खेळात मुलीच्या हाती नकाशा आणि होकायंत्र देतात. झाडीत ठिकठिकाणी केशरी-पांढरे झेंडे टांगलेले असतात व नकाशावर त्यांच्या खुणा असतात. ते झेंडे ओळीने, एकटीने, कोणाला न विचारता शोधायचे, प्रत्येक झेंड्याला बांधलेल्या चिमट्याने आपल्या कार्डावर ठसा उमटवायचा आणि परत यायचे. 'कोणाला न विचारता' हा या खेळाचा जीव आहे. तेवढे वगळले तर खरोखरच वनभोजन उरते.

२. अडचण अशी की हा खेळ आपल्या गावाच्या स्वभावाविरुद्ध आहे. सोलापुरात पत्ता विचारला आणि समोरचा 'माहीत नाही' म्हणाला, असे मी जन्मल्यापासून ऐकलेले नाही. माहीत असेल तर सांगतात, माहीत नसेल तर जास्त खात्रीने सांगतात, आणि फारच जीव लागला तर गाडीवर बसवून दारात नेऊन सोडतात. आपण स्वतः स्थळपाहणीस आलात तेव्हा मी आपल्या हाती नकाशा दिला होता. आपण तो चारपदरी घडी करून खिशात ठेवलात आणि पहारेकरी सिद्धाप्पा यांना "पहिला झेंडा कुठंय रे?" असे विचारलेत. झेंडा तोवर बांधलेलाही नव्हता. तरी सिद्धाप्पांनी तो दाखवला आणि आपण मान डोलावलीत, हे नम्रपणे निदर्शनास आणते.

३. पहिली चाचणी जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा संपता संपता झाली. आमच्या नववीतल्या अपेक्षा नावाच्या मुलीने सुरुवातीलाच थांबून नकाशा उत्तरेला जुळवला, म्हणजे हातातला कागद फिरवून धरला. शिकवलेलेच तसे आहे. त्याच वेळी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींचे पुढारी आबासाहेब तिथून चालले होते. आबासाहेबांची उभी नोकरी एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत गेली. मंगळवेढ्याची गाडी कुठे लागते आणि अकलूजची सुटली की नाही, हे त्यांनी न विचारतासुद्धा सांगितलेले आहे. कागद फिरवत उभी असलेली मुलगी पाहून त्यांना राहवले नाही. "पोरी, उलटा धरलास की कागद! आण हिकडं. कुटं जायाचंय तुला?" असे म्हणून त्यांनी नकाशा घेतला, तिला हाताला धरले आणि सगळे झेंडे फिरवून आणले. वाटेत ऊन लागू नये म्हणून डोक्यावर आपला रुमालही दिला.

बाकीच्या मंडळींनी तर आणखी दया केली. त्यांनी झेंडे झाडांवरून सोडले आणि माझ्या टेबलावर गठ्ठा करून आणून ठेवले. "मॅडम, उगं लेकरांस्नी कशाला पळवता? समदे आनलेत, मोजून घ्या," असे ते म्हणाले. मागे उरलेल्या मुली रिकाम्या झाडांना चकरा मारत बसल्या. जिल्हा संघटनेच्या निरीक्षक बाईंनी अहवालात 'बाहेरची मदत' असा शेरा मारून चाचणी रद्द केली.

४. याची तक्रार मी आपल्याकडे केली, ही माझी चूक. पाणपोईचा नळ गळतो म्हणून मी दिलेला अर्ज आपल्या दप्तरी दोन पावसाळे पाहून बसला आहे. म्हणून हाही बसेल, निदान लोकांना कळेल तरी, असा माझा हिशेब होता. परंतु आपले कार्यालय या एका कामात विजेसारखे हलले. पुढच्या चाचणीला आम्ही आलो तर झाडाझाडावर 'झेंडा क्र. ३ कडे' असे बाण, खाली 'हरवू नका, हरवू देऊ नका' हे घोषवाक्य, आणि सिद्धाप्पांनी या झेंड्यापासून त्या झेंड्यापर्यंत कबड्डीच्या मैदानासारख्या ओढलेल्या फक्कीच्या पांढऱ्याशुभ्र रेघा. मी हताश होऊन रेघांकडे पाहत होते. सिद्धाप्पांना वाटले की मी खूश झाले. "अगं यव्वा, पहाटंपासनं राबतोय, आता एक पोरगी चुकत न्हाय बघा," असे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले. त्या माणसाला रागावणे मला जमले नाही. मुली रेघेवरून आगगाडीसारख्या गेल्या आणि आल्या. चाचणी पुन्हा रद्द झाली.

५. तिसऱ्या वेळी मी बाण कापडाने झाकले, रेघांवर पाणी मारले आणि प्रवेशद्वारी फलक लावला : 'कृपया खेळाडूंना कोणतीही मदत करू नये.' माणुसकी सोडून दिल्याचा एवढा जाहीर पुरावा गावाने पूर्वी पाहिला नव्हता. दारात शेंगा विकणाऱ्या राजाबाईंनी तो वाचून घेतला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागल्या, "शाळंची बाई हाय का कोन? पोरी झाडीत सोडल्या अन् वर म्हनती वाट सांगू नगा. हिला काय लेकरंबाळं हायती का न्हाय?" मला एक मुलगी आहे, हे या निमित्ताने नोंदवून ठेवते.

६. आता ज्यासाठी हा अर्ज आहे ते सांगते. अपेक्षा मूळची मंगळवेढ्याच्या पलीकडची. आईवडील मेंढरांमागे असतात, म्हणून ती शिकायला सोलापुरात मामाकडे, अभिमन्यू यांच्याकडे राहते. मामा सज्जन आहेत. इतके सज्जन, की तिला शाळेत मोटारसायकलवरून सोडतात, शाळेतून आणतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात वही आणायला जायचे तरी सोबत जातात. या मुलीने सोलापुरातला एकही रस्ता अजून एकटीने ओलांडलेला नाही. तिला होकायंत्र दिले तेव्हा ती बराच वेळ नुसती गोल फिरत होती आणि सुई कशी आपली जागा सोडत नाही ते बघून हसत होती. तिला हा खेळ येतो. माझ्या आजवरच्या मुलींत तिच्याइतका कोणाला आलेला नाही, आणि हे मी शिक्षिका म्हणून जबाबदारीने लिहीत आहे.

तिसऱ्या चाचणीत ती शेवटचा झेंडा सोडून बाकीचे सगळे एकटीने शोधून गेली. शेवटच्यासाठी ती चुकून पंपघराच्या मागे उतरली. तिथे तिच्या ध्यानात आले की ओढा उजव्या हाताला असायला हवा होता आणि तो डाव्या हाताला आहे. ती मागे फिरली आणि नव्याने निघाली. साहेब, चुकणे, चुकल्याचे आपले आपल्याला कळणे आणि परत फिरणे, यापलीकडे या खेळात शिकवण्यासारखे काहीही नाही.

परंतु या भानगडीत तिला थोडा उशीर झाला आणि दाराशी उभे असलेल्या मामांचा धीर सुटला. त्यांनी सिद्धाप्पांना सांगितले. सिद्धाप्पांनी बागेचा भोंगा सुरू केला आणि जत्रेत करतात तशी घोषणा केली : "निळा टी-शर्ट घातलेली, अपेक्षा नावाची मुलगी हरवली आहे. कुणास घावल्यास हापिसाकडं आणून सोडावी." मग काय विचारता! आबासाहेबांच्या हुकमाखाली सगळी मंडळी काठ्या घेऊन झाडीत घुसली. योगासनांचा वर्ग सुटला. अपेक्षा सापडली तेव्हा झेंडा तिच्या डोळ्यांसमोर होता आणि ती त्याच्याकडे धावत निघाली होती. चिमट्याला हात लागायच्या आत चौघांनी तिला धरले, "घावली, घावली!" असा गजर केला आणि वरात काढून बाहेर आणले. राजाबाईंनी तिच्या ओंजळीत शेंगा ओतल्या. ती रडत होती. सगळे म्हणाले, घाबरली पोर.

ती घाबरलेली नव्हती. ती मला एवढेच म्हणाली, "मॅडम, मला घावत हुतं की. मी चुकले हुते, पर माजं मला कळलं हुतं." मी नोकरीत पुष्कळ मुलींना हरताना पाहिले आहे. जिंकू न दिलेली मुलगी त्या दिवशी पाहिली, आणि ते मला अजून सहन होत नाही.

७. संघटनेने येत्या रविवारी शेवटची संधी दिली आहे. निदान एका मुलीने विनामदत सर्व झेंडे पूर्ण केले नाहीत तर राज्य स्पर्धेतील आमच्या प्रशालेचे नाव रद्द होईल. मामांचे म्हणणे याहून सोपे आहे. "मॅडम, हितल्या बागंतनं जिला आनाय चार मानसं लागली, तिला राज्याला कशी धाडू?" त्या चार माणसांत ते स्वतः होते, हे त्यांना समजावून सांगण्यात मी अपयशी ठरले.

८. आपल्या अटींविषयी. 'प्रत्येक मुलीसोबत एक जबाबदार पुरुष असावा', 'झेंडे प्रवेशद्वारातून दिसतील असे बांधावेत', 'कोणीही झाडीत शिरू नये' आणि 'पहिल्या झेंड्याचे मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन व्हावे', या चारही अटी पाळल्यास चाचणी अत्यंत सुरक्षित होईल व झाली नाही तरी चालेल. उद्घाटनाची अट मला मान्य आहे. बाकीच्यांबाबत एवढेच की करंजवनाला चारी बाजूंनी भिंत आहे. इथे हरवलेला माणूस फार तर भिंतीला जाऊन टेकेल. प्रत्येक मुलीच्या गळ्यात शिट्टी असते आणि ती वाजली तर सगळ्यात आधी मी धावेन.

तरी माझ्या मागण्या खालीलप्रमाणे :

(अ) बाण काढावेत व भोंग्याची वायर आपल्या ताब्यात ठेवावी. सिद्धाप्पांकडे ठेवू नये.

(आ) आबासाहेब व मंडळींचा त्या सकाळी बागेच्या पलीकडच्या टोकाला, शाल-श्रीफळ देऊन, सत्कार करावा. अंगावर शाल पडलेला माणूस सत्कार संपेपर्यंत उठत नाही. प्रास्ताविक, मनोगत आणि आभार यांसाठी लांब बोलणारे वक्ते निवडावेत. आपल्या मंडळात त्यांचा तुटवडा नाही.

(इ) मामांना 'वाहनतळ प्रमुख' असा बिल्ला द्यावा. छातीवर बिल्ला लागला की माणूस जागा सोडत नाही, हे मी आपल्याच कार्यालयात पाहिले आहे.

(ई) राजाबाईंची जबाबदारी माझ्याकडे. मी त्यांना फलकाचा अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, "मला बी कुनी एकटीला सोडलं न्हाय कदी. आदी आन्ना, मग नवरा, आता ल्योक. बरं, न्हाय सांगत, जा." त्या सांगणार नाहीत असे मला वाटते.

९. शेवटची विनंती खुद्द आपल्यासाठी. शेवटच्या झेंड्यापुढे, मोठ्या करंजाखाली, मी आपल्यासाठी खुर्ची मांडून ठेवीन. झेंडा आपल्या पाठीमागे, झुडपाच्या आड असेल. अपेक्षा तिथे येईल. कदाचित उशिरा येईल, कदाचित भलत्याच बाजूने येईल. ती आपल्यासमोर थांबून नकाशा फिरवील. मुलगी गोंधळली आहे असे आपल्याला वाटेल, आणि कदाचित ती गोंधळलेली असेलही. तिची नजर आपल्याकडे वळेल, कारण आजवर तिला कोणी ना कोणी सांगत आलेले आहे. त्या वेळी आपण बोट उचलू नये. खाकरू नये. मान वळवून मागे पाहू नये. ती परत उलटी निघून गेली तरी हाक मारू नये. ती चुकली तर तिचे तिला कळेल, याची मला खात्री आहे.

साहेबांनी खुर्ची सोडून दोन पावले चालावे म्हणून आजवर आपल्याकडे ढिगाने अर्ज आले असतील. साहेबांनी बसल्या जागेवरून हलू नये म्हणून आलेला हा पहिलाच असावा. तो मंजूर व्हावा. एका मुलीसाठी, एका सकाळपुरते, आपण काहीही करू नये.

कळावे.

आपली नम्र,
(सही)
दाक्षायणी बिराजदार
क्रीडाशिक्षिका, मातोश्री काशम्मा कन्या प्रशाला, सोलापूर.

सोबत :
१. अपेक्षाच्या मामांचे संमतिपत्र. त्यात त्यांनी स्वतःच्या हाताने 'पण मी गेटवर थांबणार' असे वाढवले आहे, ते खोडू दिले नाही.
२. निरीक्षक बाईंचे तिन्ही शेरे.
३. करंजवनाचा नकाशा व होकायंत्र, प्रत्येकी एक. नकाशावर जिथे दुहेरी वर्तुळ आहे तिथे आपली खुर्ची असेल. दारापासून तिथपर्यंत आपल्याला कोणीही रस्ता सांगणार नाही, अशी व्यवस्था मी केली आहे.