थप्पीचं आठवं गिऱ्हाईक

ती. मधुमतीआत्यास,

जयपूरहून अमेयचा नमस्कार, वाकून केलाय असं समज. गुडघा कसा आहे? मसाल्याचा कारखाना जोरात असेल. इकडे आई बरी आहे. बाबाही बरे आहेत, फक्त मी कॉलेज अर्ध्यावर सोडल्यापासून माझ्याशी पेपरच्या आडून बोलतात.

पण मी रिकामा बसलेलो नाही. आम्ही सात जण ‘थप्पी’ नावाचं सॉफ्टवेअर चालवतो. गोदामात कुठला माल कुठे ठेवलाय, किती उरलाय, ते सांगणारं. कुणीही फुकट घ्यावं, आतून उघडून बघावं, हवं तर बदलावं. सगळे हौसेने करतात (पाच जणांना मी अजून पाहिलेलंही नाही). इथल्याच दुर्गापुऱ्याची अनुश्री त्याच्या वापराच्या सूचना लिहिते. त्या मी गरज नसताना चार-चारदा वाचतो, यावरून काय ते ओळख. तर ती म्हणाली की हौस आता थकलीय. छोट्या व्यापाऱ्यांनी वर्षाला थोडे पैसे दिले तर दोघांना पूर्णवेळ हेच करता येईल, नाहीतर थप्पी बंद आणि ती पुण्याच्या नोकरीवर. पुणे ऐकलं आणि मी स्कूटर काढली.

मुरलीपुऱ्यात घीसूलालजी म्हणून रजयांचे व्यापारी आहेत. त्यांनी तासभर कौतुकाने पाहिलं, दुसरा चहा मागवला, मग किंमत विचारली. पैसे मागायला आलोय हे विसरून मी छाती फुगवून फुकट म्हणालो. तर त्यांनी चहा परत पाठवला. म्हणाले, “बेटा, मुफ़्त की चीज़ बिगड़ी तो पकड़ूँगा किसको?” मी भडकलो. स्वातंत्र्य म्हणजे काय यावर अर्धा तास बोललो, शिवाय तुमची थप्पी वापरायची लायकी नाही असंही (हे बाबांना कळवू नकोस).

दुसऱ्या दिवशी अनुश्री त्यांच्याकडे गेली. सॉफ्टवेअर फुकटच आहे, म्हणाली, पैसे फोन उचलणाऱ्या माणसाचे, हा घ्या त्याचा नंबर. त्यांनी तिथल्या तिथे वर्षाचे दिले. नंबर माझा होता.

आता सात गिऱ्हाइकं आहेत आणि सातही मला पकडतात. बस्सीचे एक मोजडीवाले प्रिंटर बंद ठेवून थप्पी बिघडली म्हणतात. मी पाण्याचा घोट घेतो, मगच बोलतो. घीसूलालजी तर काहीच बिघडलेलं नसताना फोन करतात, मतलब, मी उचलतो की नाही ते बघायला. परवा मी त्यांच्यावर ओरडलो. अनुश्री शांतपणे म्हणाली, “महिनाअखेर सगळ्यांना मी फोन करणार. तू सहन होतोस असं निघालं, तर पुण्याच्या नोकरीला नकार कळवते.”

बाकी ठीक. आतोबांना नमस्कार.

तुझा,
अमेय

ता.क. आठवं गिऱ्हाईक म्हणून मी तुझं नाव टाकलंय. अनुश्रीचा फोन येईल. अमेय फार गोड बोलतो, एवढंच सांग.

ता.क. २. घोटाळा झाला. सवयीने हे पत्र मी थप्पीच्या फोल्डरमध्येच लिहिलं, आणि तिथलं काहीही अनुश्रीने तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. आत्ताच परत आलं. पहिल्या ता.क.वर काट मारून तिने लिहिलंय, “खोटं गिऱ्हाईक चालणार नाही.” चार-चारदा वाचतो त्या वाक्याला मात्र हात लावलेला नाही. तेव्हा आत्या, कारखान्यात थप्पी खरंच वापरशील का? फोन मी उचलेन. हळू बोलेन.