तू फेरी घालू नकोस

प्रिय सैरा,

काल फोनवर तू तुझ्या छोट्या आयिमच्या तापाचं सांगत होतीस आणि मी नुसतं हं हं करत राहिले. सासूबाई शेजारीच लोकर पिंजत बसल्या होत्या, त्यांच्यासमोर बोलवेना. उद्या नुरपेरीच्या चाळिसाव्याचं जेवण आहे, ते टाकून मला निघता येत नाही. म्हणून आज खाली जाणाऱ्या ड्रायव्हरकडे हे पत्र देतेय.

माझी नुरपेरी कशी गेली, ते तुला कुणी नीट सांगितलेलं नाही. वर कुरणावर माझ्या एर्मेकला असाच ताप चढला होता. दरड कोसळून रस्ता बंद. सासूबाई उठल्या, म्हणाल्या, "माझं काय राहिलंय आता? दातसुद्धा उरले नाहीत. मला जाऊ दे." आणि त्याचं दुखणं माझ्यावर येऊ दे, असं म्हणत त्यांनी पोराच्या अंथरुणाभोवती तीन फेऱ्या घातल्या. मी ओली फडकी पिळत होते. नुरपेरी किरकिरत होती म्हणून त्यांनी तिला मघाशीच शालीने पाठीशी बांधलं होतं. ती पाठीवर आहे, हे आम्हा दोघींच्या ध्यानात आलं ते तिसरी फेरी संपल्यावर.

सकाळी एर्मेकने रोटी आणि साय मागून खाल्ली. संध्याकाळी नुरपेरीचं अंग तापलं.

डॉक्टर म्हणाले, भावाचा ताप तिला लागला, तान्हा जीव, झेपला नाही. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. निदान दिवसा तरी असतो. शेजारणी म्हणतात, "मुलगा राहिला ना गं, मग रडतेस कसली?" अंगणात एर्मेक हसला की मी दचकते. सासूबाई घास घेत नाहीत. "मी माझा जीव देत होते गं सूनबाई, तिचा नव्हे," एवढंच बोलतात. खरंच आहे, त्या आपल्या मर्जीने उठल्या होत्या. पण त्या पोरीला कुणी विचारलं होतं?

फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "ताई, औषधाने उतरला नाही, तर मीच फिरेन आयिमभोवती." सैरा, तुला सहावा महिना आहे. तू एकटी फिरणार नाहीस. आयिमला दवाखान्यात ने, ते देतील ती सुई घेऊ दे. तरीही फेऱ्या घालायच्याच असं तुझ्या मनाने घेतलं, तर थांब. मी परवा पोचते. मी फिरेन. मला विचार, मी हो म्हणेन.

तुझीच,
बुरुलताई