अर्धा इंच बर्फ

९ एप्रिल, सकाळी ७
आजपासून रोज लिहायचं. कोणाला दाखवायला नाही. शिस्त म्हणून.

शेषरावकाकांच्या कारखान्यातली बर्फाची लादी आता कोणी घेत नाही. शेलूबाजारात दुकानोदुकानी डीप फ्रीजर आले. म्हणून काकांनी मागच्या टिनाच्या शेडमध्ये बर्फावरचं स्केटिंग सुरू करायचं ठरवलंय. तीस बाय वीस फूट. अक्षय तृतीयेला उद्घाटन. बारा जोड सेकंडहँड स्केट्स आलेसुद्धा. खाली प्लास्टिकच्या काळ्या नळ्या, नळ्यांतून मिठाचं गार पाणी फिरणार, त्यावर साधं पाणी ओतलं की गोठणार. माझ्याकडे पाणी आणि वीज वाचवायचं खातं. घरात बी.एस्सी. मीच.

संध्याकाळी ६
पाणी शेजारच्या केशरमावशींच्या बोअरचं. बोअर दिवसाला जेमतेम तासभर चालतं आणि त्यावर संत्र्याची चाळीस झाडं, आंबिया बहाराची बारीक फळं लागलेली. त्यांनी झाडांची एक पाळी सोडून पाणी द्यायचं कबूल केलं. मी शब्द दिला : एक इंच बर्फाला सात ड्रम, आठवा नाही. आणि जूनमध्ये मैदान बंद झालं की शेवटच्या थेंबापर्यंत सगळं पाणी झाडांच्या बुडाशी. मावशी म्हणाल्या, "शब्द देऊन राह्यली ना पोरी? मंग ने. नळ सोडणाऱ्याची पोर हायेस, पाण्यात खोटं बोलणार नाही."

रात्रभर याच वाक्याची काळजी वाटणार.

१० एप्रिल
अप्पांची आठवण. ग्रामपंचायतीचा नळ सोडायचे. शाळेच्या आधी मला अक्षरं त्यांनीच शिकवली, पाटीवर ओल्या बोटाने, पेन्सिल झिजू नये म्हणून. 'ज्ञ' येईपर्यंत 'अ' वाळून जायचा. त्यांचा नियम : पाहुण्याला पेला अर्धाच भरून द्यायचा. लागलं तर मागेल.

या कामात हाच नियम ठेवायचा.

११ एप्रिल
मशीनवरचा विकास म्हणतो, पाणी गरम करून ओतलं तर त्यातली हवा निघते आणि बर्फ काचेसारखा होतो. आधी तापवायचं, मग गोठवायचं! वीज दुप्पट. मी साफ नकार दिला. त्याने मान हलवली. पटलं असावं.

१३ एप्रिल
थंड पाण्याचे दोन थर जमले. बर्फ दुधासारखा पांढरा, नखाने खरवडला तर पोपडे. विकास : "मॅडम, हे बर्फ हाये का भगर?" पांढरा रंग उन्हाळ्यात डोळ्यांना गार वाटतो. राहू द्यायचा.

दुपारी एक विचार सुचला. एक इंच कशाला? अर्ध्यावर थांबायचं. साडेतीन ड्रम वाचले! उद्या सकाळी मावशींना परत नेऊन द्यायचे. सकाळी म्हणजे सकाळीच.

१४ एप्रिल
परत दिले नाहीत. शेडचा टिन इतका तापला की मशीन थांबायलाच तयार नाही. टिनावर ओली पोती टाकली, त्यांना दिवसाला एक ड्रम. मीटर खरंच हळू फिरतं. हे पाणी बर्फाच्या हिशेबात धरायचं नाही. हे छपराचं पाणी.

१७ एप्रिल
वाचलेले ड्रम संपत आले. मावशींकडे आणखी तीन मागितले. "आता हे कायले?" म्हणाल्या. मी म्हटलं, छपरासाठी. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मोटर लावली. झाडांची आणखी एक पाळी गेली असणार. विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना अवघडल्यासारखं झालं असतं.

१८ एप्रिल, दुपारी
उद्घाटनाचा नारळ केशरमावशींच्या हातून. पाणी त्यांचं, मान त्यांचा. ही सूचना माझीच. जरा हलकं वाटलं.

पूजेची मांडणी तपासली. समई रद्द, ज्योतीची उष्णता लागते. बॅटरीचा दिवा ठेवला. नारळ फोडायला काकांनी बर्फावर काळा दगड मांडला होता. सकाळभर उन्हात तापलेला! तोही उचलून बाहेर ठेवला. काका म्हणाले, "देवाच्या कामात बी वीज वाचवतं का वं?" वाचवते. थेंबे थेंबे.

१९ एप्रिल, दुपारी ३
सविस्तर लिहायची ताकद नाही.

शंभरेक माणसं. मावशी नवं लुगडं नेसून, चपला बाहेर काढून, बर्फावर अंथरलेल्या पोत्यावर उभ्या. दगड कुठं आहे म्हणून इकडेतिकडे पाहिलं. काका म्हणाले, "हाना तिथंच, जागेवर." मावशींनी देवाचं नाव घेतलं आणि हाणला.

नारळ फुटला नाही. बर्फ फुटला. खालची नळी फुटली. मिठाच्या पाण्याचं कारंजं सरळ काकांच्या नव्या शर्टवर. मावशींनी घाबरून त्याच जागी दुसरा फटका मारला. तेव्हा नारळ फुटला. लोकांना वाटलं कारंजं कार्यक्रमातलंच आहे. टाळ्या वाजल्या.

प्रसादाचं खोबरं खारट लागलं. दोघातिघांनी पुन्हा मागून घेतलं.

२० एप्रिल
मशीन बंद. बर्फ वितळला. मीटर कालच्या आकड्यावरून हललेलं नाही, म्हणजे विजेची बचत शंभर टक्के. नोंद घेतली.

प्रश्न फक्त पाण्याचा. ते खारं झालंय. झाडांना घातलं तर झाडं मरतील. उपाय काढला : चांगलं पाणी मिसळून खारटपणा कमी करायचा. अंदाजे चाळीस ड्रम लागतील. विकास म्हणाला, "मंग ते चाळीस ड्रमच झाडाले द्या ना मॅडम."

याला दृष्टीच नाही. पाणी नालीत सोडलं.

२१ एप्रिल
मावशी गावभर सांगताहेत, "माह्या हातालेच बरकत नाही. शेषरावचं चांगलं चाललेलं काम मोडलं." दोन दिवस धड जेवल्या नाहीत म्हणे. त्यांना सांगायला हवं, की एक इंच बर्फ असता, दगड जागेवर असता, तर काही झालं नसतं. उद्या सांगायचं.

२२ एप्रिल
ऊन फार. आज नाही.

२३ एप्रिल
काका त्यांना म्हणाले, जाऊ द्या वहिनी, होतं असं. मी तिथेच होते. बोलायला तोंड उघडलं आणि जांभई दिली. काय करावं माझं.

२४ एप्रिल, सकाळी ९
गेले. मावशी झाडाखाली वाकून फळं वेचत होत्या. बोराएवढी हिरवी, गळालेली. जवळजवळ टोपलंभर.

उभ्या उभ्याच सांगितलं. अर्धा इंच. दगड. पोती. सात ड्रम म्हटले आणि दहा नेले. एकही परत येणार नाही.

त्या वेचतच राहिल्या. मग म्हणाल्या, "बर्फावर उभी राह्यली तवाच पोत्याच्या बाजूले खालची काळी नळी पुसट दिसली मले. म्हटलं, एवढी शिकेल पोरगी हाये, काही तरी डोस्कं लावलं असन."

टोपलं पुढे सरकवत : "चार दिवस माह्या हाताले शिव्या देऊन राह्यली मी. काहून नाही आली वं आधी?"

ऊन फार होतं, असं सांगता येईना. त्या स्वतः उन्हातच होत्या.

त्यांनी आत जाऊन पेला आणला. काठोकाठ भरलेला. अर्धा पिऊन ठेवायला गेले तर म्हणाल्या, "पी पुरा. तोंड वाळलं तुयं." प्यायले. तहान गेली नाही. आणखी मागितलं.

दोन पेले. हे हिशेबात धरायचं.