वरच्या फळीपर्यंत

रविवार, ६ एप्रिल

माझ्याच जिभेने माझा घात केला. दहा वर्षांपूर्वी ऐटीत म्हणाले होते — ज्या दिवशी पुस्तकांच्या वरच्या फळीला हात पोहोचणार नाही, त्या दिवशी हे घर सोडीन. आज गेल्लेर्टने नेमकं तेच उकरून काढलं. पोटचा पोरगा!

सूप ओरपता ओरपता म्हणतो, "आई, शब्द तुझाच आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, स्टुलावर चढता येत नाही तुला. बुडापेस्ट पुरे झालं. एर्डला माझ्याकडे चल. ईस्टरनंतर फ्लॅटला गिऱ्हाईक आणतो."

हात पोहोचत नाही म्हणे! शिडी करून घेईन. पाइपवर सरकणारी, जुन्या ग्रंथालयांत असते तशी. मग बघू कोण कुणाला हलवतं.

सूनबाई आजही आली नाही. नोएमीचं डोकं दुखतंय म्हणे. हा मात्र दोन ताटल्या सूप प्यायला आणि उरलेलं बरणीत भरून घेऊन गेला. घरी जेवायला घालत नाहीत की काय!

मंगळवार, ८ एप्रिल

हार्डवेअरच्या दुकानात गेले. विक्रेता मिस्कील — "आजी, घरात लायब्ररी काढताय?" म्हटलं, तुझ्या जन्माआधीच काढली आहे. त्याने सरकत्या दाराची पट्टी पुढे केली. दारावर कोण चढतं? मला माणसाचं वजन पेलणारा पाइप हवा आणि त्यावर धावणारे, चाकं लावलेले हूक. तयार संच परदेशातून मागवावा लागतो, महिनाभर लागेल म्हणाला. ईस्टर तर तोंडावर आला.

बुधवार, ९ एप्रिल

खालच्या मजल्यावरच्या ओट्टोने आयुष्यभर सुतारकाम केलं. म्हणाला, "शिडी मी करतो, चाकं तू आण. आणि पडलीस तर माझं नाव सांगू नकोस."

शनिवार, १२ एप्रिल

आणखी तीन दुकानं. नाही, नाही आणि नाही!

बुधवार, १६ एप्रिल

उद्या आमच्या भागातली अडगळ उचलायला गाड्या येणार. दुपारपासून सगळ्यांची घरं फुटपाथवर आली. कोपऱ्यावरचं औषधांचं जुनं दुकान कधीचं बंद होतं, त्यांनी तर आतलं सगळं बाहेर काढलं. आणि त्या ढिगात — शिडीचा लोखंडी पाइप! चाकांचे हूकसुद्धा!

पण ढिगाशी खुर्ची टाकून एक बाई सूर्यफुलाच्या बिया फोडत बसली होती. "ढीग माझा, आजी. सकाळपासून बसलेय."

मान्य. जिची खुर्ची आधी, तिचा ढीग. हा नियम मी कसा मोडणार? म्हटलं, "लोखंडाच्या बदल्यात लोखंड देते." ऑपरेशननंतर गेल्लेर्टने आणलेली व्यायामाची सायकल लिफ्टमधून खाली आणली. एकदाही चालवली नव्हती. बाईने वर बसून पायडल मारून बघितलं.

"मुलगा रागावेल तुमचा."

"रागावू दे."

पाइप तिनेच वर पोहोचवला.

शुक्रवार, १८ एप्रिल

ओट्टोने भिंतीत भोकं पाडली, हुकांचा गंज रॉकेलने काढला. शिडी सरकते! मधोमध जरा अडते, पण सरकते.

चढले. एक पायरी, थांबले, मग दुसरी. भीती वाटली, खोटं कशाला लिहू? वरच्या फळीवरची धूळ बोटांना लागली. कितीतरी वेळ हात धुतला नाही.

रविवार, २० एप्रिल

ईस्टर. गेल्लेर्ट एकटाच आला, बिनइस्त्रीच्या शर्टात. त्याला बसवलं, त्याच्यासमोर चढले. वरून त्याचा शाळेतला नकाशांचा अॅटलस काढला आणि हॅमच्या ताटाशेजारी ठेवला. "पोहोचला हात. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळव."

भांडेल म्हणून मी बाह्या सरसावून तयार होते. तो "बरं" म्हणाला. बस, एवढंच. ताटाला हात न लावता, बरणी न घेता गेला.

जिंकले. तरी मला अजिबात बरं वाटत नाही.

सोमवार, २१ एप्रिल

सकाळी दारात गेल्लेर्ट. लहानपणी ईस्टरच्या सोमवारी रिवाज म्हणून शिंपडायचा तसं माझ्या डोक्यावर अत्तर शिंपडलं आणि तिथेच रडायला लागला. नोएमी नाताळातच घर सोडून गेली. "तिथे कुणीच बोलायला नाही गं, आई. म्हणून तुला चल म्हटलं."

एर्डला मी जाणार नाही म्हणजे नाही! खालच्या दोन फळ्या रिकाम्या केल्या, त्याच्या सामानासाठी. तिथली पुस्तकं मी वर चढवली. शिडी त्याने धरली.