मधल्या खोलीतली खिडकी

बाबा, ब्रह्मपुरीचं घर विकलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर शेवटपर्यंत तुमचा जीव टांगणीला लागायचा. आईचे गुडघे आता साथ देत नाहीत. गडचिरोलीला माझ्याकडे यायला ती तयार होती, पण अट एकच: घर गोडाऊनला द्यायचं नाही, चूल पेटवणाऱ्यालाच द्यायचं. धानाची पोती ठेवायला जागा मागणारे रोज यायचे, चूल पेटवणारं कोणी फिरकत नव्हतं.

दलाल म्हणाला, "ताई, खाली घराचा फोटो कोनी पाहत नाई. कंप्युटरवर सामान भरून देतो." मग मोबाईलवर फोटो आले. बाप्पा, काय ते घर! ओसरीत राखाडी सोफा, स्वयंपाकघरात डायनिंग टेबल, कोपऱ्याकोपऱ्यात कुंड्या. आपण तर जन्मभर खाली पाटावर बसून जेवलो. आणि मधल्या खोलीत, तुम्ही भिंतीवर रंगवलेल्या खिडकीला त्या कंप्युटरनं पांढरे झिरझिरीत पडदे लावलेले. खरी समजला मेला! मी एकटीच हसत सुटले, आणि फोटो तसेच जाऊ दिले.

ती खिडकी तुम्ही काढलीत तो दिवस मला अजून दिसतो. दिवाळी झालेली, मंडईच्या जत्रेतली नाटकं तोंडावर आलेली, नाटक कंपनीसाठी तुम्ही रंगवलेला राजवाड्याचा पडदा अंगणात वाळतो आहे. आई चिडून म्हणते, "दुनियेले महाल काढून देता, मले एक खिडकी होत नाई?" गवंडी दरवर्षी येणारच असायचा. तुम्ही उरलेला रंग घेऊन आत जाता आणि संध्याकाळपर्यंत भिंतीत अर्धवट उघडी खिडकी, पलीकडे वैनगंगा, तिच्यात एक डोंगा. मी बाजूला कोळशानं एक दार काढायला लागते, तर तुम्ही माझा हात धरता. "दार नाई काढाचं. नट जाऊन धडकते. आपुन लोकाईले दाखवाले काढतो, फसवाले नाई." आई त्यानंतर दोन दिवस तुमचं ताट आपटूनच वाढत होती.

शेवटी आलापल्लीहून बदली झालेले एक मास्तर बायकोला घेऊन घर पाहायला आले. मधल्या खोलीत अंधार, त्यात तुमच्या हाताची सफाई. बाई सरळ गेल्या आणि रंगवलेल्या कडीला बोटं लावली. "उघडत काऊन नाई हे?" मास्तरांचा चेहराच उतरला. "फोटोत तं खिडकी होती. आनखी काय काय खोटं हाये?" म्हणत ते चप्पल शोधायला लागले.

मला तुमचंच बोलणं आठवलं. सांगितलं सगळं. सोफा खोटा, टेबल खोटं, कुंड्या खोट्या. मागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, विहीर उन्हाळ्यात आटते. दलाल मागून माझी ओढणी ओढत होता. "आणि ही खिडकी माझ्या बाबांनी रंगवली आहे," हे सगळ्यात शेवटी सांगितलं. तेवढ्यात खाटेवरून आई म्हणाली, "मी तं लग्नापासून खरी मांगून राह्यली, बाई. तुमी फोडा भित. मांगं मोकळी जागा हाये, चांगली हवा येईन."

बाई खुदकन हसल्या. चार दिवसांनी मास्तरांचा फोन आला: घर घेतो, पण त्याच जागी भिंत फोडून खरी खिडकी पाडणार. आईनं मला विचारलंसुद्धा नाही, लगेच हो म्हणाली. मला राग आला तिचा, खरंच आला. पण तिनं किती वर्षं कळ काढली होती, तेही मीच पाहिलंय.

गवंडी सोमवारी येऊन भिंत फोडून गेला. हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून घडी घालून माझ्या पर्समध्येच ठेवते. दलालाचे सगळे फोटो मी मोबाईलमधून पुसून टाकले, तेवढा एक ठेवला, त्या झिरझिरीत पडद्यांसकट. काय करू? तुमच्या खिडकीचा साधा फोटो आम्ही कोणी कधी काढलाच नव्हता, बाबा.