चौदा इंजेक्शने पुरी होण्याआधी

मी, बनूबाई सोमा गायकर, वय अंदाजे पन्नास, धंदा शेती व दूध, राहणार जांभूळ, बदलापूरजवळ, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाशिवाय सांगत आहे. अंबरनाथ पूर्वेचे निवृत्त कारकून श्रीपाद वैद्य ते लिहून घेत आहेत. आज माझी बुद्धी शाबूत आहे. उद्याचे सांगता येत नाही, म्हणून घाई.

कारण असे की, माझी मोरी म्हैस मागच्या महिन्यात पिसाळून मेली. तिच्या घशात काही अडकले असे वाटून मी दोन दिवस तिच्या तोंडात हात घालत होते. बोटांना विळ्याच्या चिरा होत्या. सरकारी दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शने सांगितली, त्यांतली अकरा झाली. डॉक्टर म्हणतात, पुरी झाली की बहुधा धोका नाही. तो ‘बहुधा’ मला झोपू देत नाही. रोज उठल्याबरोबर तांब्या तोंडाला लावून बघते, घोट उतरतो की नाही.

१. राहते घर, दोन खोल्या व गोठा, माझी मुलगी नीलिमा हिला. दीर बारकू गायकर म्हणतो, घर भावाचे आहे. तो भाऊ, म्हणजे माझा नवरा, गेला तेव्हा इथे कुडाच्या भिंती होत्या. विटा आणि कौले दुधाची आहेत. उल्हासनगर कॅम्प एकच्या मिठाईवाल्याचा माणूस दूध नेई, तेव्हा माप त्याचे, भाव त्याचा, आणि उचल कधी फिटत नसे. त्र्याऐंशी साली गावात सोसायटी निघाली. फॅट लावून दर, दर दहा दिवसांनी रोख, तेही माझ्या हातात. नीलिमाची शाळा त्यातूनच झाली. बारकूने भिंतीला हात लावू नये.

२. दुसरी म्हैस तांबू आणि सोसायटीतला माझा शेअर नीलिमाला. सभासद म्हणून तिचेच नाव लागावे, होणाऱ्या नवऱ्याचे नव्हे.

३. सोसायटी वर्षाअखेर दुधावर जो भावफरक देते, त्या माझ्या रकमेतून त्रेसष्ट सभासदांना एका सकाळच्या दुधाचे पैसे द्यावेत. त्याची हकीकत सांगते. त्या सकाळी मोरीने जेमतेम अर्धा लिटर दिले, ते मी सोसायटीच्या केंद्रावर घातले. घरी आले तर गुरांचे डॉक्टर गोठ्यात उभे. म्हणाले, “ही पिसाळलीय. बाई, तोंडात हात घातला होतात का?” मी धावत केंद्रावर गेले. टेम्पो भरत होता.

अध्यक्ष मधू भोईर म्हणाले, “वैनी, अर्ध्या लिटरसाठी गावाचं दूध ओतू? पुढे तापवतातच. गप घरी जा.”

मी म्हटले, “भाऊजी, वाटेत कुणाचं पोर निरसं प्यायलं तर?”

“ही गोष्ट बाहेर गेली तर जांभूळचं दूध कोणी घेणार नाही. परत त्या मिठाईवाल्याच्या दारात जायचंय?”

हे खोटे नव्हते. तरी मी जवळचा कॅन आडवा केला. सचिव चिंतामणी केळकर आधी ओरडले. मग म्हणाले, “कुठल्या कॅनात गेलंय ते मलाही सांगता येणार नाही,” आणि बाकीचे कॅन त्यांनी स्वतः ओतले. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे दूध पुन्हा गेले. माझ्या ओट्यावर मात्र कोणी येत नाही. मधूभाऊंवर माझा राग नाही. तेही घाबरले होते.

४. मला पाण्याची भीती वाटू लागली तर भगताकडे नेऊ नये, दवाखान्यात न्यावे. गाडी येईपर्यंत गोठ्यात दाव्याने बांधावे. नीलिमाने जवळ येऊ नये. मी हाक मारली तरी येऊ नये. मी रडून सांगेन की मी बरी आहे, तेव्हा तर मुळीच येऊ नये.

५. माझी चांदीची कडी विकून मिठाईवाल्याचे काही देणे निघालेच तर द्यावे. मला वाटते, निघत नाही.

हे वाचून दाखवले, बरोबर आहे. सही मी स्वतः केली.

बनूबाई सोमा गायकर

साक्षीदार १ : चिंतामणी केळकर, पगारी सचिव, राहणार बदलापूर, स्वतः दूध घालत नाहीत.

साक्षीदार २ : यासाठी दोन दिवस गेले. श्रीपादराव म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष नको, आणि गावात दूध न घालणारे घर नाही. आज ठाकरवाडीची सभासद चंद्री सुकऱ्या पारधी इंजेक्शनाची चौकशी करत आत आली, माझ्या शेजारी चटईवर बसली. अडचण ऐकून म्हणाली, “मंग माझं दोन लिटर खोड ना. अंगठा कुठं लावू?” म्हणून कलम ३ मध्ये त्रेसष्टऐवजी बासष्ट वाचावे.

चंद्री सुकऱ्या पारधी, डाव्या हाताचा अंगठा.

मुक्काम जांभूळ, ता. १४ सप्टेंबर १९८८.