देवासमोर मागितलेले दोन दिवस

प्रिय भार्गवी,

फोनच केला असता, पण तुझा फोन वाजला की सानवी आधी उचलते आणि स्पीकरवर टाकते, म्हणून हे पत्र. वाचून झालं की वर कुठेतरी ठेव. तिसरीतली पोर, हाताला लागेल ते वाचते. माझं अक्षर तुला माहीत आहे. नववीत शाळा सुटली ती सुटली. कळणार नाही तिथे अंदाजाने वाच, नाहीतरी माझ्या बाबतीत तू कायम तेच करत आलीस.

तर येत्या शनिवारचं सगळं ठरलंय. गाडी राजापूर डेपोच्या बाहेरून सकाळी सहाला. चालवायला बाबल्या आहे. माणूस बडबड्या, पण घाटात गप्प बसतो आणि पोरं असली की हळू हाकतो. मुक्काम खोपोलीला, रविवारी अख्खा दिवस पाण्याचा पार्क, संध्याकाळी तिथूनच परत, सोमवारी सकाळी राजापूर. समर्थला खिडकीशी बसवायचं, पण चाकावर नाही. मधल्या रांगेत. सकाळी त्याला दूध द्यायचं नाही, परशुराम घाटात सगळं बाहेर येईल. लिंबाचं पान चुरगळून नाकाशी धरायचं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, मंडणगडच्या एका म्हातारीने गाडीत शिकवलं, आणि त्या म्हातारीची एक वेगळीच गोष्ट आहे, तिला समुद्र बघायचा होता आणि सहल होती महाबळेश्वरची. चुकीच्या गाडीत बसली होती. तिकडे पोचल्यावर म्हणाली, असू दे, थंड तरी आहे. पण ते राहू दे.

कपड्यांचं मात्र नीट वाच. सुती कपडे घालून पाण्यात सोडत नाहीत. नायलॉनचेच लागतात. पोरांचे दोन्ही जोड मी घेतलेत, या पत्राबरोबरच्या पिशवीत आहेत. सानवीचा जरा मोठा घेतलाय. मापाचा अंदाज येईना. शिमग्यात बघितली तेव्हा माझ्या खांद्याशी आली होती असं वाटतंय, पण मी तिच्याजवळ उभी राहिले कुठे? ती खांबाच्या मागे आणि मी पालखीच्या पुढे. दुकानदार म्हणाला, मुलीला घेऊन या, घालून बघू. मी म्हटलं, आणते. बघ, किती सहज निघतं माझ्या तोंडातून.

पार्कात शिरताना डाव्या हाताला लाकडी अस्वल आहे, त्याच्या हातात पट्टी. अस्वलाच्या कोपराच्या खाली डोकं राहिलं तर मोठ्या घसरगुंडीवर सोडत नाहीत. सानवी सुटेल. समर्थ नाही सुटणार, आणि तो तिथे भोकाड पसरणार. सगळीच पसरतात. सहलीच्या गाडीवरच्या या कामात मी त्या पार्कात अकरा वेळा गेलेय, भार्गवी. अकरा! दर खेपेला चाळीस-पन्नास लोकांची पोरं. गळ्यात शिट्टी, हातात यादी, डोकी मोज, मुतायला ने, चप्पल शोध. लांज्याची एक पोरगी तर माझ्या कडेवरच झोपली होती, तिची आई वर फोटो काढत होती. तिचं डोकं असं जड झालं होतं माझ्या खांद्यावर, की मला वाटलं आता ही उठेपर्यंत हलायचंच नाही. हललेही नाही. पन्नास माणसं जेवणासाठी खोळंबली, मालकाने नंतर झापलं.

कुठे होते मी? हां, समर्थ. तो रडला की त्याला छोट्या तळ्याकडे न्यायचं. तिथे गुडघाभर पाणी असतं आणि एक छत्री असते, तिच्यावरून पाणी पडतं. अर्ध्या तासाने त्याला बाहेर काढायला दोन माणसं लागतील. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून गाडीतच भाकरी खाऊन घ्यायची. समर्थ आंबोळी खातो अजून? माझ्या वेळी नुसती कडा खायचा आणि मधलं कोंबडीला टाकायचा. आता पाच वर्षांचा झाला, बदलला असेल. हे मी विचारतेय पण उत्तर नको पाठवूस, कशाला.

तू मला कधी विचारलं नाहीस की मी का गेले. आख्ख्या वाडीने विचारलं, तू नाही. लोकांना कारण लागतं. मला कुणी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. उन्मेष मुंबईहून गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, कधी रिकाम्या हाताने आला नाही. तू नणंद असून माझ्या ताटात आधी मासा वाढायचीस. असल्या घरातून कोण जातं? पण मला दुपारी पडवीत बसलं की हायवेवरच्या गाड्या ऐकू यायच्या आणि पायांना मुंग्या आल्यासारखं व्हायचं. मला वाटायचं, ही गोव्याला चालली, ही कोल्हापूरला चालली, आणि मी तांदूळ निवडतेय. दोन दिवस गुहागरला जाऊन येते म्हटलं ना, तेव्हा मला खरंच दोनच दिवस जायचं होतं. तिसऱ्या दिवशी वाटलं, उद्या. मग आठवडा झाला, आणि आठवड्याने परत यायची लाज वाटली, महिन्याने जास्त वाटली. अडीच वर्षं झाली. बाकी काही नाही, एवढंच आहे. लिहिल्यावर किती थोडं दिसतं.

आणि शिमग्यातला तो गाढवपणा. मला वाटलं होतं मी केवढी हुशार. उन्मेषला फोनवर पोरं मागितली असती तर त्याने नाही म्हटलं असतं, आणि त्याचं बरोबरच होतं. म्हणून मी देवाची पालखी तुमच्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात, बसेपर्यंत थांबले. घर मुंबईकरांनी भरलेलं, आख्खी वाडी जमलेली. नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालणाऱ्या सदूआबांच्या कानात सांगितलं की माझ्या मनातलं एवढं देवाला सांगा. मला वाटलं, आबा मोघम काहीतरी म्हणतील, उन्मेषला ऐकू जाईल, देवासमोर त्याला नाही म्हणता येणार नाही. पण आबा कुठले मोघम बोलतायत! त्यांनी धोतर सावरलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, बा म्हाराजा, ही उन्मेषची बायको उमा आज तुझ्या पायाशी आलीय, हिला आपल्या लेकरांना दोन दिवस त्या पाण्याच्या पार्काला न्यायचंय, तर घरच्यांच्या मनात येऊ दे, लेकरांना हिच्या हाती दे, आणि हसतखेळत परत घरी आण रे म्हाराजा! आणि सगळी वाडी सवयीने ओरडली, व्हय म्हाराजा! मागून कुणीतरी म्हणालंसुद्धा, आबा, देवाला पार्क ठाऊक हाय काय? आणि आबा त्याला म्हणाले, तुझ्यापेक्षा जास्त फिरतो तो, दरवर्षी घरोघर जातो. सगळे हसले. मीही हसले. उन्मेषकडे बघितलं तर तो खाली बघत होता. त्याने हात जोडले आणि म्हणाला, होय. तुझा चेहरा मी बघितला नाही. बघायचं धाडस नव्हतं.

गावासमोर, देवासमोर मागून घेतलं. आता तुमच्या घरातलं कुणी ते मोडणार नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं, म्हणून तर केलं. त्या दिवशी राजापूरला परतताना रिक्षात मी गाणं म्हणत होते. मला वाटलं, दोन दिवस मिळाले, त्यात मी सगळं भरून काढीन. छोट्या घसरगुंडीवरून तिघं एकदम येऊ. सानवी खांबामागून बाहेर येईल.

मागच्या गुरुवारी राजापूरच्या बाजारात सखूकाकी भेटली. तुझी शेजारीण, तिच्या पोटात काही राहतं का? तिला वाटलं मला माहीतच आहे. म्हणाली, तुझी सानवी केवढी समजूतदार गो, मांजरीचं पिल्लू माझ्या नातीला देऊन गेली. कंपासपेटी वर्गातल्या मैत्रिणीला दिली. बाईंना जाऊन सांगितलं, माझं नाव पटावरून काढा, आई आम्हाला दोन दिवसांसाठी नेणार आहे. बाई हसून म्हणाल्या, अगं दोनच दिवस ना? तर म्हणाली, आईचे दोन दिवस तसे नसतात. आणि समर्थ. खळ्यात गाडीचा आवाज आला की भाताच्या कणगीमागे जाऊन बसतो, आणि परत अंथरूण ओलं करायला लागलाय. काकी हे सगळं कौतुकाने सांगत होती, हातात कोकमाची पिशवी घेऊन. मी म्हटलं, हो, माहीत आहे मला. मग मी डेपोत जाऊन बाकावर बसले, लांज्याची गाडी गेली, रत्नागिरीच्या तीन गेल्या.

तू मला यातलं काहीच सांगितलं नाहीस. सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, तू त्यांना माझ्याविरुद्ध फितवतेयस. म्हटलंच असतं. तू गप्प राहिलीस आणि त्यांची पिशवी भरत राहिलीस, कारण देवासमोर होय म्हटलंय. रोज रात्री ओलं अंथरूण धुतेयस आणि तरी शनिवारी तू त्यांना माझ्या हाती आणून दिलं असतंस. मी ओळखते तुला.

म्हणून लिहितेय. मी शनिवारी येणार नाही. तिसरं तिकीट तुझ्या नावावर केलंय, बाबल्याला सांगितलंय, त्याच्या यादीत तुझं नाव आहे. माझी बदली मागून घेतली, त्या दिवशी मी दापोलीकडच्या एका लग्नाच्या गाडीवर असेन, आणि महिनाअखेर कदाचित हे कामही सोडीन, बघू. पोरांना कारण देऊ नकोस. आईने पुन्हा फसवलं म्हण, हे त्यांना पटकन पटेल. सदूआबांना सांग, शब्द उमाने मोडला, घराने नाही, काही करायचं असलं तर माझ्या नावाने करा. सानवीला आधीच सांग की तू सोबत येतेयस आणि सोमवारी घरी यायचंय, म्हणजे ती पिल्लू परत मागून आणेल. तुझा नायलॉनचा ड्रेस तिथे भाड्याने मिळतो, लाजू नकोस, सगळ्याजणी घालतात. मोठ्या तळ्यात दर थोड्या वेळाने लाटा सोडतात, भोंगा वाजतो, समर्थ घाबरेल. आधी तू पाण्यात उतर आणि हात पुढे कर. तो तुझ्याकडे येईल.

तुझीच वहिनी, अजून म्हणावंसं वाटलं तर,
उमा